जुना रंधा, नवी धार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा यावा, ज्यांनी पाया घातला त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण व्हावे, हे उचितच आहे. तथापि इतिहास जसा माणसांचा आणि संस्थांचा असतो, तसा तो वस्तूंचाही असतो. गाव सोडून दूर निघालेल्या कुटुंबाला सारे काही बरोबर नेता येत नाही. त्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीत त्याचा स्वभाव उमटतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि पुढील वर्षांत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून मराठी कुटुंबे येथे येऊन वसली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून देवांचे टाक आले, पुरणयंत्रे आली, अडकित्ते आले, क्वचित एखादी कापडात बांधलेली पोथी आली. यांपैकी कितीतरी वस्तू आज माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत.

अशा वस्तूंचे काय करावे, याला तीन मार्ग संभवतात. भंगारवाल्याला देऊन जागा मोकळी करावी, हा पहिला. घासूनपुसून, लाख फिरवून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगावे, हा दुसरा; अलीकडे तो बराच रूढ झाला आहे. तिसरा मार्ग कष्टाचा आहे, आणि तो म्हणजे ती वस्तू दुरुस्त करून तिच्या मूळ कामाला पुन्हा लावणे. या तिसऱ्या मार्गाचा विचार एका अगदी साध्या हत्याराच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे. ते हत्यार म्हणजे सुताराचा रंधा. पोलादाच्या नगरीत लाकूडकामाची कथा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. या दोहोंचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

रंधा नव्या पिढीच्या ओळखीचा राहिलेला नाही, म्हणून प्रथम त्याची रचना सांगतो. घट्ट लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्याचा तळ अगदी सपाट. ठोकळ्याच्या मध्यावर वरून खालपर्यंत तिरपी खाच. त्या खाचेत रुंद, चपटे पाते बहुधा ४५ अंशांच्या कलाने बसविलेले असते आणि लाकडाच्या पाचरीने ते घट्ट केलेले असते. तळाला जी अरुंद फट राहते ते रंध्याचे तोंड. त्यातून पात्याची धार केसभर बाहेर डोकावते. रंधा लाकडावर दाबून पुढे लोटला की ही धार लाकडाचा पातळ पापुद्रा सोलते आणि वरच्या अंगाने कुरळा कीस बाहेर पडतो.

वाकस आणि पटाशी ही हत्यारे याहून पुरातन. परंतु त्यांनी साधलेला सपाटपणा सर्वस्वी कारागिराच्या हाताच्या तोलावर अवलंबून असतो. रंध्यात हा सपाटपणा हत्याराच्या तळातच साठविलेला असतो. धार किती खोल जावी याला तळ मर्यादा घालतो. म्हणून तळ वाकडा झाला की उत्तम पात्याचाही उपयोग होत नाही, आणि धार गेली की सपाट तळही व्यर्थ ठरतो.

मानवाला ही युक्ती सहज सुचलेली दिसत नाही. प्राचीन इजिप्तच्या कबरींतून करवती, वाकस, पटाश्या पुष्कळ मिळाल्या. रंधा मिळालेला नाही. तेथील कारागीर वाकसाने तासून मग वालुकाश्माने घासत आणि तेवढ्यावर अप्रतिम पेट्या व आसने घडवीत. रोमन काळात मात्र रंधा पूर्ण रूपात दिसतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, जर्मनीतील झालबुर्ग येथील रोमन ठाण्यात आणि इंग्लंडमधील सिलचेस्टर येथे उत्खननात रंधे सापडले आहेत. त्यांपैकी अनेकांच्या तळाला लोखंडी पत्रा जडविलेला आहे. लाकडाचा तळ झिजतो, ही अडचण त्या काळच्या सुतारालाही जाणवली होती, असा याचा अर्थ.

आपल्याकडे या हत्याराचे जे नाव चालते ते फारसीतून आले. मूळ शब्द ‘रंदा’. हिंदीत तो तसाच राहिला, मराठीत आणि गुजरातीत ‘द’चा ‘ध’ झाला. तुर्की भाषेत ‘रेंदे’ हा शब्द सुताराच्या रंध्याला आणि स्वयंपाकघरातील किसणीला असा दोहोंना लावतात. खोबरे किसणे आणि लाकूड किसणे यांतील साम्य त्या भाषेने अचूक ओळखले आहे; आपणही रंध्यातून निघणाऱ्या पापुद्र्याला ‘कीस’ म्हणतोच. हत्यार वापरणाऱ्याचे नाव मात्र संस्कृत वळणाचे आहे. सुतार म्हणजे सूत्रधार, सूत धरणारा. ओंडक्यावर रंगात बुडविलेले सूत ताणून सरळ रेघ उमटविणे ही त्याच्या कामाची पहिली पायरी. अशा रीतीने एका फारसी हत्याराने आणि एका संस्कृत नावाच्या कारागिराने मिळून मराठी घरांची दारे-चौकटी घडविल्या.

पेशवाईत बांधलेल्या वाड्यांची भिस्त लाकडावर होती. १७३० साली ज्याचा पाया घातला गेला आणि १७३२ साली ज्याची वास्तुशांत झाली त्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून आणले गेले. १८२८ च्या आगीत ते बहुतेक भस्मसात झाले. मराठी वाड्यातील तक्तपोशी, म्हणजे तुळयांवरील फळ्यांचे छत, पाहावे. फळीला फळी अशी भिडलेली असते की सांध्यात पोस्टकार्डही जाऊ नये. हे रंध्याचे काम होय.

खेड्यात हेच काम लहान प्रमाणावर चाले. बारा बलुतेदारांत सुताराची गणना पहिल्या ओळीत होई, कारण त्याच्यावाचून शेती थांबे. विदर्भात पेरणीपूर्वी नांगर, वखर, डवरा, तिफण आणि बंडी दुरुस्तीला सुताराच्या दारी येत आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. यात एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. शेतीच्या अवजारांना बहुधा वाकस पुरेसा होई. रंधा लागे तो घरातल्या वस्तूंना. पाट, चौरंग, पाळणा, देवघर, दाराची फळी, अशा जेथे माणसाचे अंग लाकडाला लागते किंवा जेथे डोळा रोज ठरतो त्या जागी रंध्याची गरज भासे. तान्ह्या पोळ्यासाठी मुलांना लाकडी बैल करून देणे हेही विदर्भातील सुताराचेच काम. छत्तीसगढमध्ये त्याच सुमारास ‘पोरा’ साजरा होतो आणि तेथे मुले मातीचा नांदिया बैल ओढतात. दोन्ही प्रदेशांतील हे साम्य आपणां भिलाईकरांना चांगलेच परिचित आहे.

हे साम्य आकस्मिक नाही. रतनपूरची गादी अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आली. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत तेथे राज्य करीत होते. पुढे नागपूर आणि छत्तीसगढ हे दोन्ही प्रदेश १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात एकत्र नांदले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनेच ते विभक्त झाले. या प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी लिहिलेला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात इकडचा बढई आणि तिकडचा सुतार यांचा विचार एकाच प्रकरणात केलेला आढळतो. भाषा दोन, हत्यारे तीच.

आता पात्याकडे वळू. रंध्याचा देह सुतार स्वतः घडवी, परंतु पात्यासाठी त्याला लोहाराच्या भात्याकडे जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोलाद ही अत्यंत महाग वस्तू होती. सबंध पाते पोलादाचे करणे परवडत नसे. म्हणून पात्याचा बहुतेक भाग साध्या लोखंडाचा करीत आणि धारेच्या बाजूला मात्र पोलादाची एक पातळ पट्टी तापवून, ठोकून एकजीव करीत. जुने पाते स्वच्छ घासले म्हणजे या जोडाची रेघ स्पष्ट दिसते. आपल्या भागात हे लोखंड दगडातून काढण्याची विद्या आगरिया समाजाकडे होती. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा आणि पायाने चालविलेला भाता एवढ्या सामग्रीवर ते लोह गाळीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पुढे शेफील्डची पोलादी पाती बाजारात आली. १८५६ मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत जाहीर केली आणि जगाचे चित्र पालटले.

हे परिवर्तन आपल्या दारापर्यंत कसे आले, तो इतिहास भिलाईकरांना नव्याने सांगावयास नको. प्रमथनाथ बोस यांनी भूगर्भ खात्याच्या नोकरीत असताना दल्ली-राजहराच्या लोहखनिजाची नोंद १८८७ मध्येच केली होती. टाटांच्या शोधपथकाने प्रथम चांदा जिल्ह्यातील लोहारा आणि मग दुर्गकडील हे डोंगर पाहिले. अखेरीस त्यांचा कारखाना पूर्वेकडे गेला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन होती. ज्या देशात सुताराच्या पात्याला जेमतेम दोन-तीन बोटे पोलाद जोडले जाई, त्या देशात पोलादाचा असा ओघ सुरू व्हावा, यातील अंतर रंध्याचे जुने पाते हातात घेतल्यावाचून नीट उमगत नाही.

लोखंडाच्या या सुलभतेने रंध्याचा देहही बदलला. अमेरिकेतील लिओनार्ड बेली या कारागिराने ओतीव लोखंडाचा रंधा तयार केला. पाते मागेपुढे करण्यास त्यात फिरकी होती. त्याचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तोच नमुना पुढे जगभर प्रमाण ठरला. आपल्या तंत्रशाळांतून आणि कारखान्यांतून हाच लोखंडी रंधा रूढ झाला. गावच्या सुताराने मात्र लाकडी रंधा सोडला नाही, कारण तो मोडला तर त्याला स्वतःलाच दुसरा करता येत असे.

लाकूड आणि लोखंड यांच्या नात्यातील सर्वांत रोचक प्रकरण ओतशाळेत घडते. कोणताही लोखंडी भाग ओतावयाचा तर प्रथम तसाच लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. रस थिजताना आकसतो. बीड सुमारे १ टक्का, पोलाद सुमारे २ टक्के. म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो, आणि वाळूतून अलगद निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. नमुन्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा वाळूत उमटतो आणि वाळूतून लोखंडात उतरतो. म्हणजे लोखंडाचा गुळगुळीतपणा आधी लाकडावर रंध्याने निर्माण करावा लागतो. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर ओतले गेले तेही अशाच नमुन्यांवरून. लाकडी नांगर घडविणाऱ्या सुताराचे काम ज्या लोखंडी नांगराने कमी केले, त्या नांगराचे पहिले रूप सुतारानेच लाकडात कोरले होते. इतिहासातील असे विरोधाभास ग्रंथांत क्वचितच नोंदले जातात.

येथे थोडी कौटुंबिक माहिती देणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत लेखकाचे आजोबा वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याचे सुतार होते. वडील १९५८ च्या सुमारास भिलाईला आले ते कारखान्याच्या पायाभरणीत काँक्रीटसाठी लाकडी साचे ठोकणारे कामगार म्हणून. पुढे ते लाकडी नमुन्यांच्या कामावर गेले आणि तेथूनच निवृत्त झाले. येताना त्यांनी आजोबांचा एक रंधा बरोबर आणला होता. कामावर लोखंडी रंधे मिळत. हा लाकडी रंधा घरी असे आणि सुटीच्या दिवशी त्यातून पाट, स्टूल, देव्हारा असे काही ना काही घडे. आम्हां भावंडांच्या हाती मात्र त्यांनी तो कधी दिला नाही. ‘तुम्ही शिका’, एवढेच ते म्हणत. आम्ही शिकलो, सरकारी नोकऱ्यांत लागलो, आणि बाबांच्या पश्चात रंधा ट्रंकेत गेला.

बाबांच्या त्या वागण्याचा अर्थ लावताना वर्ध्याचीच एक घटना आठवते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. सूतकताई आणि शेती यांच्याबरोबर सुतारकामही त्यात होते. त्याच काळात आपल्या रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल मध्य प्रांतात विद्यामंदिर योजना राबवीत होते. सर्व जातींच्या मुलांनी हाताने काम करीत शिकावे, अशी त्यामागील दृष्टी होती. ती योजना फार काळ टिकली नाही. हातकाम आणि पुस्तक यांतील दरी कायम राहिली. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हत्यार होते त्यांनी मुलांच्या हाती पुस्तक देण्यासाठी हत्यार दूर ठेवले. त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्या त्यागात एक विद्या मागे पडली, हेही नाकारता येत नाही.

मागील काही वर्षांपूर्वी हा रंधा बाहेर काढला तेव्हा त्याची अवस्था शोचनीय होती. पाते गंजून खाचेत चिकटले होते, पाचर चिरली होती, तोंड झिजून रुंद झाले होते आणि तळाला मध्यभागी खोलगट आले होते. दुर्गच्या एका वयोवृद्ध बढईकडे तो नेला. त्याने तो उलटासुलटा पाहिला आणि विचारले, “साहब, दीवार पर टाँगना है, कि चलाना है?” चालवावयाचा आहे असे सांगताच तो म्हणाला, “तब तो पहले लोहा देखना पड़ेगा।” टांगण्यासाठी लाकडाची चकाकी पुरते; चालविण्यासाठी पात्यात पोलाद किती उरले आहे हे पाहावे लागते.

ज्यांच्या घरी असा रंधा असेल त्यांच्या उपयोगासाठी पुढील क्रम देतो. प्रथम सांध्यात रॉकेलचे थेंब सोडून तो दोन दिवस ठेवला. मग ठोकळ्याच्या मागील टोकावर लाकडी मोगरीने हलके ठोके दिले, तेव्हा पाचर आणि पाते सैल होऊन बाहेर आले. पाते लोखंडी हातोडीने ठोकून काढू नये; खाचेच्या कडा फुटतात. गंज रॉकेल आणि बारीक काचकागद यांनी काढला, तेव्हा जोडाची ती रेघ उजळली. धारेच्या बाजूचे पोलाद दीड बोट शिल्लक होते.

त्यानंतर पात्याची पाठ दगडावर घासून अगदी सपाट केली. धार म्हणजे दोन पृष्ठांची भेट. पाठीवर गंजाची खाच राहिली तर उतार कितीही चांगला घासला तरी धार साधत नाही. उतार सुमारे २५ अंशांचा धरला. सहाणचक्रावर पाते धरताना ते वरचेवर पाण्यात बुडवावे लागते, कारण धार तापून निळी पडली की तिचे पाणी उतरते आणि ते पोलाद मऊ होते. शेवटची धार तेलाच्या दगडावर लावली.

तळ तपासण्यासाठी त्यावर पोलादी पट्टी उभी धरून मागे दिवा ठेवला. जेथून उजेड झिरपला तेथे खोलगट होते. दुसऱ्या लांब रंध्याने हलक्या हाताने तळ सारखा केला आणि शेवटी काचेवर काचकागद अंथरून त्यावर तो घासला. रुंदावलेल्या तोंडाला, पात्याच्या पुढच्या बाजूस, शिसवीचा एक तुकडा तळात खाच करून बसविला. तोंड अरुंद असले की लाकूड धारेच्या पुढे उचकटत नाही. नवी पाचरही शिसवीचीच केली. अखेरीस सर्व लाकडाला जवसाचे तेल पाजले. विदर्भातला जवस तोच छत्तीसगढातला अलसी. त्यामुळे तेलासाठी फार शोध करावा लागला नाही. पाते किती बाहेर ठेवावे हे मोगरीच्या ठोक्यांनी ठरते. पात्याच्या माथ्यावर ठोका दिला की धार पुढे येते, ठोकळ्याच्या मागच्या टोकावर दिला की मागे सरते. सागवानाच्या तुकड्यावर पहिले दोन हात जाड, तुटके गेले. तिसऱ्या वेळी अखंड कीस निघाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सर्व करावे कशासाठी? याला एक सबळ आक्षेप घेतला जातो आणि तो आमच्या घरातच घेतला गेला. वापरले की पाते झिजणार. प्रत्येक वेळी धार लावताना त्या दीड बोट पोलादातील केसभर कमी होणार. आजोबांच्या हातचे जे उरले आहे ते आपणच संपविणार. त्यापेक्षा भिंतीवर सुरक्षित राहिलेले काय वाईट?

रंध्याच्या इतिहासातच या आक्षेपाचे उत्तर आहे. सबंध जुना असा कामाचा रंधा कधी नसतोच. पाते झिजले की सुतार नवे पाते घाली. देह फुटला की जुने पाते नव्या देहात बसवी. पाचरी तर किती बदलल्या याची गणतीच नाही. रोमन सुताराने तळाला पत्रा जडविला, आमच्या बढईने तोंडाला शिसव जडविली. आजोबांनी वापरलेले पातेही त्या देहातले पहिलेच होते असे मुळीच नाही. झीज भरून काढीत काम चालू ठेवणे हीच या हत्याराची परंपरा आहे. वापरले तर झिजते हे खरे. न वापरले तर गंजते, आणि गंज लागलेले लोखंड कोणाच्या उपयोगी न पडता जाते. ट्रंकेत पडून राहिलेल्या काळात पात्याचे जेवढे नुकसान झाले, तेवढे त्याआधीच्या अनेक वर्षांच्या कामात झाले नसावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भिंतीवरच्या रंध्याकडून कोणी काही शिकत नाही. तो हातात घेतला की मगच लाकडाची रेषा कोणत्या दिशेने वाहते हे पाहावे लागते, उलट दिशेने लोटला तर लाकूड कसे उचकटते हे कळते, आणि पाचर, पटाशी, गुण्या, सामता हे शब्द पुन्हा घरात उच्चारले जातात. १९३८ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय ग्रामोद्योगांची साधने मांडण्यासाठी होते, परंतु ती पाहून लोकांनी वापरावी हाच त्याचा उद्देश होता. आमच्या घरी या रंध्याने पहिला पाट सारखा केला तो आमच्या मुलीने. आजोबांच्या काळी हे हत्यार एका ठरावीक जातीच्या पुरुषाच्याच हाती असे. बाबांनी ते आमच्यापासून दूर ठेवले. ती मात्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते हौसेने चालविते. बाबांची इच्छा यात मोडली असे आम्हांस वाटत नाही. हत्यार हाती आले, परंतु आता ते सक्तीने आलेले नाही.

दूरदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या गोष्टीचा बोध वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. आपली भाषाही अशीच बरोबर आलेली आहे. तिच्यात हिंदीचे आणि छत्तीसगढीचे तुकडे बसले म्हणून कष्टी होण्याचे कारण नाही. तोंडाला नवी शिसव बसविली म्हणून रंधा परका होत नाही. ती केवळ गणेशोत्सवात आणि स्मरणिकेत बाहेर काढली जाते आहे की रोजच्या कामाला लागते आहे, एवढेच पाहावयाचे.

या संदर्भात मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. वर्षातून एखादा रविवार असा ठेवावा की त्या दिवशी सभासदांनी घरातील जुनी अवजारे आणि भांडी मंडळात आणावीत. ज्यांना दुरुस्तीची माहिती आहे त्यांनी ती मुलांच्या हातून दुरुस्त करून घ्यावीत. आणि प्रत्येक वस्तूचे व तिच्या भागांचे मराठी नाव एका वहीत लिहून ठेवावे. शहरातील बढई आणि लोहार यांनाही सन्मानाने बोलवावे, कारण यातील बरीच विद्या आज त्यांच्यापाशीच उरली आहे. खर्च फार नाही. थोडे रॉकेल, थोडे जवसाचे तेल, एक धारेचा दगड आणि अर्धा दिवस एवढे पुरे. आमच्या रंध्यापासून आरंभ करावयाचा असल्यास तो धार लावून तयार आहे.